चेंडू बाळूचा, कप्तानी कुणाची?

क्रिकेटपटू बाळू पालवणकर हा विषय निघाला की नानांचं आणि माझं पटत नाही. नाना रेल्वेतून निवृत्त झाले, मयूर विहारला राहतात आणि अजूनही शनिवार-रविवारी मुलांना फिरकी शिकवतात. मूळचे रत्नागिरीकडचे, बाळूसारखेच चांभार समाजातले. मी नागपूरची, बौद्ध घरातली, नोकरीमुळे दिल्लीत आले. आम्हां दोघांच्या घरांत एकाच माणसाची गोष्ट दोन तऱ्हांनी सांगितली गेली आहे. म्हणून कोटलावर रणजीचा सामना बघायला बसलो की चहापानापर्यंत क्रिकेट चालतं आणि त्यानंतर वाद.

त्या दिवशी आम्ही बिशनसिंग बेदींच्या नावाच्या स्टँडमध्ये होतो. दिल्लीचा एक डावखुरा पोरगा चांगली उंची देऊन टाकत होता. नाना म्हणाले, "या देशातल्या प्रत्येक डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाचा मूळपुरुष बाळू. बेदींच्या कितीतरी आधीचा. ३३ प्रथम श्रेणी सामने, १७९ बळी, सरासरी १५.२१. एवढं मुलांना सांगितलं की बास. बाकीचं रडगाणं कशाला?"

"कारण ते १७९ बळी आले कुठून, ते त्या बाकीच्या गोष्टीतच आहे," मी म्हटलं. "पुण्यात पारशांच्या क्लबात खेळपट्टी झाडायला आणि रोलर ओढायला महिना ३ रुपयांवर लागलेला मुलगा. १८९२च्या सुमारास पूना क्लबात गेला, तिथे ४ रुपये. साहेबांना सरावाला चेंडू टाकायचं काम. तासन् तास, वर्षानुवर्षं. आणि बॅट? बॅट त्याच्या हातात कुणी दिलीच नाही. फलंदाजी मोठ्या लोकांची, चेंडू टाकणं नोकराचं."

नाना हसले नाहीत. म्हणाले, "हे खरं आहे. पण तू 'टाकायचं काम' म्हणतेस तिथे मी वेगळं बघतो. कॅप्टन ग्रेग त्या काळचा हिंदुस्थानातला सर्वांत चांगला गोरा फलंदाज. तो इतरांच्या आधी येऊन बाळूपुढे उभा राहायचा. बाद केलंस तर आठ आणे, असा त्याचा दर होता म्हणे. आठ आण्यांची गोष्ट कितपत खरी, ते सोड. गोष्ट खरी मानली तर हिशेब कर: महिन्याचा पगार ४ रुपये, म्हणजे आठ वेळा ग्रेगला बाद केलं की पगार दुप्पट. जगातल्या कोणत्या अकादमीत असा सराव मिळतो? चेंडू कुठे सोडायचा, किती उंच ठेवायचा, फलंदाजाचा पाय कधी निघतो, हे सगळं तो तिथे शिकला. त्याने नोकरीतून विद्या काढून घेतली. कुणी दिली नाही, त्याने घेतली."

'घेतली' हा शब्द मला आवडला. बाळूबद्दल बोलताना बहुतेक लोक त्याला काय काय दिलं गेलं याची यादी करतात. न्यायमूर्ती रानड्यांनी शाबासकी दिली, हिंदू जिमखान्याने जागा दिली. नाना तसं बोलत नाहीत. त्यांच्या तोंडी बाळू हा नेहमी कर्ता असतो, आणि ते मला मनापासून पटतं.

पण मी पुढे गेले. पुण्याच्या हिंदू क्लबाला युरोपियनांना हरवायचं होतं म्हणून त्यांनी बाळूला संघात घेतलं. तेही सहज नाही. संघातल्या काही ब्राह्मणांचा विरोध होता, काहींचा पाठिंबा. मैदानावर चेंडू त्याच्या हातातून त्यांच्या हातात जायचा, त्याचा विटाळ नव्हता. चहाची वेळ झाली की मात्र इतर मंडळी पॅव्हेलियनमध्ये कपबशीतून प्यायची आणि बाळू बाहेर, मातीच्या फेकून द्यायच्या भांड्यातून. जेवण वेगळ्या ताटात, वेगळ्या टेबलावर. मी विचारलं, "नाना, ज्या लाल चेंडूला बाळूने थुंकी लावून घासलं, तोच चेंडू पुढच्याच क्षणाला झेलणारे हे लोक. मग कपातल्या चहाने कोणता धर्म बुडत होता?"

"कोणताच नाही. आणि ते त्यांनाही कळलं. मी तेच सांगतोय. साताऱ्याला गोऱ्यांच्या जिमखान्याने बाळूचं नाव ऐकून खेळपट्टी मुद्दाम पाणी-रोलर करून निर्जीव केली. तरी त्याने ७ बळी काढले. त्यानंतर न्यायमूर्ती रानडे म्हणाले, ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर जेवायलाही बसा. रानडे काय, लाख मोलाचा माणूस, पण त्यांनी दहा व्याख्यानं दिली असती तरी जे झालं नसतं ते सात बळींनी झालं. पुढे पुण्यात प्लेग आला, बाळू मुंबईला गेला. परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यातही आधी कुरकुर झाली, मग घेतलं. तिथे एकत्र जेवण झालं. बीबीसीआय रेल्वेत नोकरी लागली." रेल्वेचं नाव घेताना नाना थोडे ताठ बसतात. "फेब्रुवारी १९०६. हिंदू २४२ आणि १६०, युरोपियन १९१ आणि १०२. १०९ धावांनी विजय. त्यात बाळूचे ८ बळी, भाऊ शिवराम संघात. इतक्या वर्षांत माणसं बदलली. जपान रशियाला हरवून वर्षही झालं नव्हतं, आणि इथे गोऱ्यांच्या संघाला एका चांभाराने गुंडाळलं."

इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण आजच्या वाचकाला त्या सामन्यांचं स्वरूप विचित्र वाटेल. मुंबईची ती स्पर्धा शहरांची किंवा प्रांतांची नव्हती, धर्मांची होती. युरोपियन, पारशी, हिंदू, १९१२पासून मुसलमान, १९३७पासून 'दि रेस्ट' म्हणजे उरलेले. चार-पाच कुंपणं, आणि हिंदूंच्या कुंपणाच्या आत आणखी एक कुंपण. अमेरिकेतलं बेसबॉल याच काळात एका कुंपणाने दुभंगलं होतं. गोऱ्यांच्या लीगमध्ये काळ्यांना बंदी, म्हणून १९२०मध्ये रूब फॉस्टरने काळ्यांची स्वतंत्र नॅशनल लीग उभी केली. तिथले जोश गिब्सनसारखे फलंदाज गोऱ्या लीगचा उंबरठा न ओलांडता गेले. गिब्सन जानेवारी १९४७मध्ये वारला आणि एप्रिलमध्ये ती बंदी मोडत जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून उतरला. सॅचेल पेज हा अफाट गोलंदाज, ज्याला ते पिचर म्हणतात, तो ४२ वर्षांचा झाल्यावर मोठ्या लीगमध्ये आला. बाळूची आणि त्यांची स्थिती तंतोतंत सारखी नव्हती. अमेरिकेत काळ्या खेळाडूला दाराबाहेर ठेवलं होतं. इथे बाळूला दारातून आत घेतलं, कारण गोऱ्यांना हरवायला त्याच्यावाचून गत्यंतर नव्हतं, आणि मग घरातल्या कोणत्या खोलीत त्याने जायचं हे ठरवून दिलं.

"बाळूसाठी बंद असलेल्या खोलीचं नाव कप्तानी," मी नानांना म्हटलं. "१९११चा इंग्लंड दौरा घ्या."

"घे की. तो तर त्याचा कळस आहे. सगळ्या सामन्यांत मिळून ११४ बळी, सरासरी १८.८४. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात ८. खांदा दुखत असताना. संघ बहुतेक सामने हरला, पण इंग्लंडमधल्या जाणकारांनी पाहिलं की हा गोलंदाज कुठल्याही कौंटीत पहिला निवडला जाईल."

"आणि कप्तान कोण?"

"पतियाळाचे महाराज, भूपिंदरसिंग."

"वय १९. बाळू ३५ वर्षांचा. महाराज थोडेच सामने खेळले, बाकी वेळ त्यांचे समारंभ. इंग्लंडच्या राजाच्या राज्याभिषेकाचं वर्ष होतं, त्याच डिसेंबरात इथे दिल्ली दरबार भरला. उन्हाळाभर चेंडू टाकले बाळूने, आणि संघ कुणाचा म्हणायचा? महाराजांचा. आज इंडिया गेटजवळ पतियाळा हाउस आहे, त्यात कोर्ट भरतं, रोज हजार माणसं तिथे जातात. बाळूचं या शहरात काय आहे?"

नाना म्हणाले, "महाराजा कप्तान असणं ही जातीची गोष्ट नव्हती, पैशांची होती. १९३२च्या पहिल्या कसोटी दौऱ्यावरही पोरबंदरचे महाराज कप्तान होते, तेव्हा त्यांनी स्वतः बाजूला होऊन सी. के. नायडूंना उभं केलं."

"ठीक. मग महाराजा नसलेला संघ घेऊ. मुंबईचा हिंदू संघ. तिथे कोण आडवं आलं? १९१०पासून पुढे दहा वर्षं बाळू संघातला सर्वांत अनुभवी खेळाडू. १९१३ला एम. डी. पै कप्तान झाले तेव्हा त्यांच्याच सत्कारात त्यांनी सांगितलं की हा मान माझा मित्र बाळू याचा होता. पै यांचा मोठेपणा मला मान्य आहे. पण निवड करणारे ऐकत होते आणि तरी त्यांनी ऐकलं नाही. याचा अर्थ मी असा लावते: त्यांनी बाळूचे हात स्वीकारले, डोकं नाही. चेंडू टाकणं हे कष्टाचं काम, ते त्याच्याकडून घ्यायचं. क्षेत्ररक्षण कसं लावायचं, कुणाला कधी आणायचं, ब्राह्मण खेळाडूला 'तू तिकडे जा' म्हणायचं, हा निर्णय मात्र त्याच्याकडे द्यायचा नाही. एकत्र जेवण त्याच्या आधी झालं, नाना. जेवण सोपं होतं. हुकूम ऐकणं अवघड होतं."

हे माझं मुख्य म्हणणं आहे आणि मी त्यावर ठाम आहे. अमेरिकेतही हेच घडलं. १९४७ला रॉबिन्सन मैदानात आला, आणि एखाद्या मोठ्या लीगच्या संघाचा व्यवस्थापक म्हणून पहिला काळा माणूस उभा राहायला १९७५ उजाडलं, तो फ्रँक रॉबिन्सन, क्लीव्हलँडमध्ये. अठ्ठावीस वर्षं. जॅकी रॉबिन्सनने ऑक्टोबर १९७२मध्ये वर्ल्ड सिरीजच्या मैदानावर उभं राहून, दृष्टी जवळजवळ गेलेली असताना, तिसऱ्या बेसशेजारी काळा व्यवस्थापक बघायचाय असं जाहीर सांगितलं. नऊ दिवसांनी तो वारला.

नाना बाटलीतलं पाणी प्यायले. मग म्हणाले, "१९२० विसरलीस."

मी विसरले नव्हते. मीच ते सांगणार होते, कारण ते माझ्या बाजूचं आहे असं मला वाटत होतं. त्या वर्षी पै आजारी पडले. बाळूला संघातूनच वगळलं होतं, आणि कप्तानी दि. ब. देवधरांकडे दिली गेली. देवधर मोठे फलंदाज, पुण्याचे ब्राह्मण, पण बाळूचा भाऊ विठ्ठल त्यांना ज्येष्ठ होता. विठ्ठल आणि शिवराम या भावांनी जाहीर निवेदन काढून संघातून अंग काढून घेतलं. त्याच वर्षी जानेवारीत 'मूकनायक' सुरू झालं होतं. आमच्या नागपूरला मे महिन्याअखेर शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृतांची परिषद झाली होती. हवा बदललेली होती. भाऊ बाहेर पडले तसा गाजावाजा झाला, आणि अंतिम सामन्याआधी तडजोड झाली. पै कप्तान, बाळू उपकप्तान, दोघे भाऊ परत. सामन्यात पै काही वेळ मैदानाबाहेर गेले, म्हणजे तेवढा वेळ संघ बाळूच्या हुकमाखाली खेळावा.

"मग बघा," मी म्हटलं. "सात बळींनी मन बदलतं हे तुमचं म्हणणं. १९२०ला मन बदललं नव्हतं. संप केला तेव्हा दार उघडलं. विठ्ठल १९२३ला कप्तान झाला तो त्या संपामुळे."

"आणि १९२३ला हिंदू जिंकले. युरोपियनांना हरवलं आणि लोकांनी विठ्ठलला खांद्यावर घेऊन मिरवलं, त्यात ब्राह्मण पोरं होती. त्याने स्वतः 'माझे क्रीडा-जीवन'मध्ये सगळं लिहून ठेवलं आहे. संप केला हे बरोबरच केलं. पण संप चालला का? कारण त्यांच्याशिवाय संघ उभा राहत नव्हता. आधी विद्या, मग संप. विद्या नसती तर संपाला कुणी विचारलं नसतं."

"तेच तर!" मी जवळजवळ ओरडले, पुढच्या रांगेतल्या दोघांनी मागे वळून पाहिलं. "ज्याच्यावाचून अडत नाही त्याचं काय? एका घरात चार भाऊ, चौघेही असामान्य, आणि तरी पूना क्लबापासून कप्तानीपर्यंत तीस वर्षं लागली. साधारण चेंडू टाकणाऱ्या अस्पृश्य पोराने काय करायचं? त्याला कपातून चहा कधी मिळणार? सरासरी १५.२१ असेल तरच माणूस, ही अट मला मान्य नाही. बाबासाहेबांनी महाडला तळ्यावर नेलं ते काही ७ बळी काढलेल्या लोकांना नाही. सगळ्यांना नेलं. हक्क गुणवत्तेवर टांगून ठेवायचा नाही, हे त्यांना कळलं होतं. आणि ज्यांना ते कळलं त्यांच्याविरुद्ध बाळू उभा राहिला."

वाद शेवटी इथेच येतो. १९११च्या दौऱ्यानंतर मुंबईत अस्पृश्य समाजाने बाळूचा सत्कार केला, आणि ते मानपत्र तयार करण्यात एल्फिन्स्टन कॉलेजातल्या तरुण भीमराव आंबेडकरांचा हात होता असं सांगतात. पुढे दोघांच्या वाटा फुटल्या. १९३२मध्ये बाबासाहेब वेगळा मतदारसंघ मागत असताना बाळू अस्पृश्यांचे नेते एम. सी. राजा यांच्याबरोबर संयुक्त मतदारसंघाच्या बाजूने गेला. १९३५ला येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, त्याला बाळूचा विरोध. १९३७च्या मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने त्याला थेट बाबासाहेबांसमोर उभं केलं. बाबासाहेबांना १३,२४५ मतं, बाळूला ११,२२५. आमच्या घरात या निकालाचा उल्लेख एकाच सुरात व्हायचा: काँग्रेसने एका खेळाडूला प्यादं केलं.

मी तेच म्हणाले. प्यादं.

नाना बराच वेळ बोलले नाहीत. मैदानावर नवा चेंडू घेतला गेला होता. मग त्यांनी जे म्हटलं ते मी शक्य तेवढं जसंच्या तसं देते, कारण त्याला माझ्याजवळ पूर्ण उत्तर नाही.

"मघाशी तू काय म्हणालीस? हात स्वीकारले, डोकं नाही. आता तू काय करतेस? बाळूचे ११४ बळी तुझे. त्याचा मातीच्या भांड्यातला चहा तुझा. त्याचा अपमान तुझ्या भाषणाला हवा. पण साठ वर्षांचा तोच माणूस विचार करून म्हणतो की मला धर्म सोडणं पटत नाही, वेगळा मतदारसंघ पटत नाही, की तू लगेच म्हणतेस त्याला कुणीतरी पढवलं. म्हणजे त्याला डोकं नव्हतं असं तूही म्हणतेस. अकरा हजार दोनशे पंचवीस माणसांनी त्याला मत दिलं. माझे आजोबा त्यांतले. तेही प्यादी? पुणे करारावर बाबासाहेबांची सही आहे, बाळूचीही आहे. त्याने आयुष्यभर एक गोष्ट डोळ्यांनी पाहिली होती, की समोरचा माणूस बदलतो. हळू बदलतो, दुखवून बदलतो, पण बदलतो. त्यावर त्याने राजकारण उभं केलं. चुकलं असेल. पण ते त्याचं होतं."

मी जॅकी रॉबिन्सनचं उदाहरण दिलं, कारण ते मला या प्रश्नावर सर्वांत जवळचं वाटतं. पॉल रॉबसन हा थोर गायक-नट १९४३ला बेसबॉलच्या आयुक्तांसमोर जाऊन काळ्या खेळाडूंसाठी बोलला होता. १९४९ला अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे त्याच रॉबसनच्या मतांविरुद्ध रॉबिन्सनला बोलायला बोलावलं गेलं, आणि तो बोलला. त्याच साक्षीत त्याने वंशभेदावरही कोरडे ओढले, पण वर्तमानपत्रांनी उचललं ते रॉबसनविरुद्धचं. शेवटच्या वर्षी लिहिलेल्या आत्मकथनात रॉबसनबद्दलचा आपला आदर वाढल्याचं त्याने नोंदवलं. तोही कुणाचं प्यादं नव्हता. पण आपलं म्हणणं कोण कशासाठी वापरणार आहे, यावर त्याचा ताबा नव्हता. "बाळूबद्दल मी प्यादं हा शब्द मागे घेते," मी म्हटलं, "पण त्याच्या जागी 'बरोबर' हा शब्द ठेवत नाही. काँग्रेसला १९३७ला बाळूचं डोकं हवं होतं की नाव? निवडून आला असता तर त्याला कोणत्या समितीचं अध्यक्षपद दिलं असतं? त्याचा मैदानावरचा अनुभव सांगत होता की माणसं बदलतात. माझ्या लोकांचा अनुभव महाडच्या मारहाणीचा होता, काळाराम मंदिराच्या बंद दाराचा होता. दोन्ही अनुभव खरे. पण कायदा करायचा तर जास्तीत जास्त लोकांच्या अनुभवावर करायचा, सर्वांत गुणी माणसाच्या नाही."

"हे चांगलं बोललीस," नाना म्हणाले. "तरी माझं मत बदललं असं समजू नकोस."

"नाही समजत."

बाळू ४ जुलै १९५५ला मुंबईत गेला. पुढच्याच वर्षी ६ डिसेंबरला बाबासाहेब इथे, अलीपूर रोडवरच्या घरात गेले. आज त्या घराच्या जागी राष्ट्रीय स्मारक आहे. मी नानांना कितीदा म्हटलं, एकदा चला, ते म्हणतात येईन. ते येतील याची मला खात्री आहे.

सामना संपल्यावर नानांनी त्यांच्या पोरांबद्दल सांगितलं. गाझियाबाद, फरीदाबाद, नोएडाकडून बसने-मेट्रोने येणारी मुलं मोठ्या संघांच्या सरावाला नेट बोलर म्हणून जातात. नामवंत फलंदाजांना दिवसभर चेंडू टाकायचे, संध्याकाळी थोडे पैसे आणि एक सेल्फी घेऊन परतायचं. बॅट क्वचितच हातात येते. "म्हणून माझ्याकडे नियम आहे," नाना म्हणाले. "प्रत्येक गोलंदाजाला रोज दहा मिनिटं फलंदाजी मिळणारच. आणि रविवारच्या सामन्याला कप्तान पाळीपाळीने. चांगला असो, कच्चा असो, नंबर आला की त्याचाच हुकूम चालणार. बाकीच्यांनी ऐकायचं."

"चांगला असो, कच्चा असो?" मी विचारलं.

"हो, पाळीच म्हटल्यावर."

"मग नाना, हा तर माझ्याच बाजूचा नियम झाला. गुण बघून दिलेली कप्तानी नाही ही, हक्काची आहे."

"बाबासाहेब काय तुमच्या एकट्यांचे आहेत?" नाना उठता उठता म्हणाले. "नियम त्यांचा ठेवतो. पण चेंडू कसा सोडायचा, ते पोरं बाळूकडूनच शिकतील."